तीच ही गाडी का? एका फेरारीचे मालक आणि तिची वहिवाट



आजचा विषय वाचून काही जणांनी आधीच विचारलं, की सर, आयुष्यभर तुम्ही न्यायदर्शन शिकवलंत, आणि आज हे मोटारगाडीचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. आम्हाला गाडीचं यंत्र फारसं कळत नाही. परंतु एखादी वस्तू 'तीच' आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, आणि ती 'माझी' आहे असं म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हे दोन प्रश्न आम्हाला पन्नास वर्षं सोडत नाहीयेत. या दोन्ही प्रश्नांना एका इटालियन गाडीच्या इतिहासात जसं तोंड द्यावं लागतं, तसं पोथीतही क्वचित लागतं. म्हणून आज ही गाडी.

सुरुवात मात्र आपल्या घरातून करू. आमच्या वडिलांची एक फियाट होती. फियाट म्हणजे मूळची इटालियनच, पण आपल्याकडे ती कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी बांधत असे. वडील गेल्यानंतर ती विकायची वेळ आली. तेव्हा आरटीओच्या कागदांसाठी चॅसी नंबरची छाप घ्यावी लागे. बॉनेट उघडायचं, पत्र्यावर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. आम्ही ते काम स्वतः केलं. आणि करता करता मनात आलं, या गाडीचं इंजिन दोनदा बोअर केलेलं, दोन दारं बदललेली, रंग तिसऱ्यांदा दिलेला. मग वडिलांची गाडी म्हणून यात उरलंय काय? हा आकडाच ना? त्या व्यवहारात पुढे आमच्याकडून एक गोष्ट घडली, ती शेवटी सांगू. आधी फेरारीकडे वळू.

गाडीचं नाव फेरारी २५० जीटीओ. यातला २५० हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा, म्हणजे अडीचशे घनसेंटिमीटरच्या आसपास. असे बारा सिलिंडर, एकूण २९५३ घनसेंटिमीटर. सहा वेबर कार्ब्युरेटर, सुमारे तीनशे अश्वशक्ती. इंजिनाचा मूळ आराखडा जोआकिनो कोलोंबो यांचा. गाडीची घडण जोत्तो बिझ्झारिनी या इंजिनिअरनं सुरू केली. पण १९६१ च्या अखेरीस फेरारीच्या कारखान्यात मोठं भांडण झालं आणि बिझ्झारिनींसह अनेक वरिष्ठ मंडळी बाहेर पडली. मग काम माउरो फोर्गिएरी या अगदी तरुण इंजिनिअरच्या हातात आलं. अॅल्युमिनियमचं अंग मोदेना शहरात सर्जो स्काल्येत्ती यांच्या कार्यशाळेत हातानं ठोकून घडवलं जाई. हातकाम असल्यामुळे कुठल्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. म्हणजे आपल्याकडे तांबट पातेलं घडवतो तसंच. पातेली एका मापाची, पण आपलं कुठलं ते घरातल्या बाईला बरोबर कळतं.

१९६२ ते १९६४ या काळात अशा सगळ्या मिळून ३६ गाड्या झाल्या असं साधारणपणे धरतात. चार लिटर इंजिनाच्या तीन वेगळ्या मोजल्या तर ३९.

आता नावातल्या 'ओ' कडे बघा. जीटीओ म्हणजे 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो'. हा ओमोलोगातो शब्द मूळ ग्रीक. 'होमोस' म्हणजे समान, तोच. 'लोगोस' म्हणजे वचन. 'तेच म्हणणे', त्यावरून संमती देणे, मान्यता देणे. ही मान्यता कशाची? त्या काळी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा, म्हणजे एफआयएचा नियम होता, की ग्रँड टुरिंग गटात शर्यत लढवायची असेल तर बारा महिन्यांत त्या प्रकारच्या शंभर गाड्या बनवलेल्या असल्या पाहिजेत. फेरारीकडे शंभर कुठल्या? त्यांनी सांगितलं, की ही नवी गाडी नव्हेच. आमची आखूड व्हीलबेसची २५० जीटी आहे ना, तिचंच हे सुधारलेलं रूप. आणि ते मान्य झालं! अंग नवं, बांधणी बदललेली, पण कागदावर 'तीच'. पुढे १९६४ मध्ये इंजिन मागे बसवलेली २५० एलएम आणून फेरारींनी पुन्हा तोच युक्तिवाद केला, तेव्हा महासंघानं मानलं नाही. एकदा 'तीच' आणि दुसऱ्यांदा 'ती नव्हे'. तेव्हा लक्षात घ्या, ही गाडी जन्मालाच आली ती एकत्वाच्या वादातून. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना आणखी काय हवं?

या ३६ मधली एकच गाडी आज आपण घेणार आहोत. तिचा चॅसी नंबर ३८५१ जीटी. त्या वेळी फेरारीत जीटी गाड्यांना विषम आकडे देत आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम. म्हणजे आकडा वाचूनच जात कळायची.

आता हिचा फेरफार वाचू. गावाकडची मंडळी हा शब्द बरोबर ओळखतील. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत नोंद होते आणि तिथून ती सातबाऱ्यावर चढते. ३८५१ चा फेरफार फार लांब नाही. पण प्रत्येक नोंद वाचण्यासारखी आहे.

पहिली नोंद, सप्टेंबर १९६२. मालक झो श्लेसर, फ्रान्सचे शर्यतपटू. गाडी हातात आली आणि त्याच महिन्यात ती 'तूर द फ्रांस ओटोमोबील' या शर्यतीला उतरली. आपल्याला 'तूर द फ्रांस' म्हटलं की सायकली आठवतात. ही मोटारींची. कित्येक दिवस चालणारी, ट्रॅकवरच्या शर्यती आणि घाटरस्त्यांच्या चढाया एकत्र गुंफलेली. श्लेसर यांच्या जोडीला होते आंरी ओरेये. दोघं मिळून एकूण क्रमवारीत दुसरे आले.

हे ओरेये कोण, ते जरा थांबून सांगतो. १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट मोरित्झला हिवाळी ऑलिंपिक झालं, महायुद्धानंतरचं पहिलं. त्यात बर्फाच्या उतारावरून सरळ खाली झेपावण्याची जी शर्यत असते, डाउनहिल, तिचं सुवर्णपदक या माणसानं जिंकलं. दुसरं सुवर्ण कंबाइंडचं. शिवाय स्लॅलममध्ये कांस्य. आल्प्समधल्या व्हाल दिझेर गावचा हा पोरगा युद्धकाळात जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकारातही होता. स्कीइंग सोडल्यावर तो मोटारींकडे वळला. वेगाची ओढ एकदा लागली की सुटत नाही, वाहन तेवढं बदलतं.

७ ऑक्टोबर १९६२. पॅरिसजवळचा मोंलेरीचा ट्रॅक. 'कूप द्यु सालों' नावाची शर्यत. गाडीत एकटे ओरेये. गाडी ट्रॅक सोडून गेली, एका इमारतीवर आदळली, आणि ओरेये त्यात गेले. वय अवघं ३६. गाडीला जन्मून महिनाही धड झालेला नव्हता.

मघाशी आम्ही फेरफाराबद्दल बोललो. त्या फेरफारात ओरेये यांचं नाव कुठेच येत नाही, कारण गाडी श्लेसर यांची. ज्यानं या गाडीत प्राण दिला, तो मालकांच्या यादीत नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरही तेच असतं की! ज्याचा घाम आणि रक्त त्या जमिनीत मुरलं, त्याचं नाव उताऱ्यावर असतंच असं नाही. मालकीचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथं पहिल्यांदा दिसतं. आणि श्लेसर? तेही १९६८ साली रुआंच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये होंडाच्या गाडीत जळून गेले. त्या पिढीचं मरण असं ट्रॅकच्या कडेलाच बसलेलं असायचं.

मोडलेली ३८५१ मारानेल्लोला, म्हणजे माहेरी परत गेली. दुरुस्त झाली. आणि १९६३ मध्ये पुढची नोंद पडली, पाओलो कोलोंबो या इटालियन चालकाची. हे कोलोंबो वेगळे, इंजिनवाले वेगळे, केवळ आडनाव एक. यांनी गाडी डोंगरावर नेली. इटलीत घाट चढण्याच्या शर्यतींची मोठी परंपरा होती. एक एक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं.

१९६४ मध्ये गाडी एर्नेस्तो प्रीनोथ यांच्याकडे गेली. हे उत्तर इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांतल्या ओर्तिझेई गावचे. शर्यतपटू तर होतेच, पण त्यांचं नाव आज जगभर आहे ते दुसऱ्याच कारणानं. स्कीइंगच्या उतारांवरचा बर्फ दाबून सपाट करणारी जी अजस्र यंत्रं असतात, ती बनवणारी प्रीनोथ कंपनी यांनी काढली. आता हा योगायोग बघा. ज्या गाडीत बर्फावरचा ऑलिंपिक विजेता गेला, ती दोन वर्षांत बर्फाचे उतार तयार करणाऱ्या माणसाच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही यात दैव वगैरे शोधत नाही. पण इतिहास वाचताना असं काही दिसलं की माणूस क्षणभर थबकतो, आणि थबकावं.

मग आलं १९६५. शर्यतीच्या जगात तीन वर्षं म्हणजे म्हातारपण. इंजिन मागे बसवलेल्या गाड्या आल्या होत्या, अमेरिकेच्या कोब्रा कूपे आल्या होत्या, जीटीओची सद्दी संपली होती. जुनी शर्यतीची गाडी म्हणजे उतरलेला पैलवान, खुराक तेवढाच आणि कुस्ती नाही. अशा वेळी फाब्रित्सिओ व्हिओलाती नावाच्या तरुणानं ती घेतली. घराणं श्रीमंत, बाटलीबंद खनिज पाण्याचा धंदा. किंमत मोजली सुमारे २५ लाख लिरा. आकडा मोठा वाटतो, पण त्या वेळच्या दरानं ते जेमतेम चार हजार डॉलर होतात. घरच्यांना शर्यतीचा नाद पसंत नव्हता, म्हणून गाडी लपवून ठेवायची आणि रात्री बाहेर काढायची, असे त्यांचे सुरुवातीचे दिवस ते पुढे सांगत.

मंडळी, हे लपवणं आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतं. आज कुणी अशी गाडी घेतली तर चार लोकांनी बघावं म्हणून घेतो. या माणसाला ती कुणी बघू नये असं वाटत होतं. त्याला हवं होतं ते फक्त तिच्याबरोबर रात्रीच्या रस्त्यावर असणं. पुढे व्हिओलाती यांनी जुन्या गाड्यांच्या शर्यतींमध्ये ती स्वतः चालवली, मोठा संग्रह उभारला, सान मारिनोमध्ये 'मारानेल्लो रोस्सो' नावाचं संग्रहालय काढलं. पण ३८५१ सोडली नाही. २०१० मध्ये ते वारले तेव्हाही गाडी त्यांचीच होती. १९६५ ते २०१४, म्हणजे ४९ वर्षं ती एकाच घराकडे राहिली.

आणि मग १४ ऑगस्ट २०१४. कॅलिफोर्नियातलं कार्मेल, क्वेल लॉज, बॉनहॅम्स या लिलावगृहाचा लिलाव. ३८५१ विकली गेली ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलरला, कमिशन धरून. आपल्या रुपयांत त्या वेळी सव्वादोनशे कोटींच्या वर. तोवर लिलावात कुठल्याही गाडीला एवढी किंमत आली नव्हती. हा विक्रमही चार वर्षांत दुसऱ्या एका जीटीओनं मोडला, चॅसी ३४१३, ४ कोटी ८४ लाख डॉलर.

इथं आम्ही जरा थांबतो आणि सरळ प्रश्न विचारतो. हे पैसे नेमके कशाचे? अॅल्युमिनियमचे नक्कीच नव्हेत. आकाराचे म्हणाल, तर तो आकार उत्तम कारागीर आजही हुबेहूब उठवतो. तशा प्रतिकृती निघतातही, आणि म्हणूनच २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयानं जीटीओचं रूप ही कलाकृती आहे असं मानून नकलांपासून तिला संरक्षण दिलं. धावण्याचेही पैसे नव्हेत, कारण आजची साधी स्पोर्ट्स कार तिला मागे टाकेल. पैसे आहेत ते 'ही तीच' या दोन शब्दांचे. ओरेये ज्या गाडीत बसले, प्रीनोथ यांनी जी चालवली, व्हिओलाती यांनी जी लपवली, ती ही. बरं, मग हे 'तीच' खरं आहे का?

आपल्याकडे हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारला गेला, आणि गंमत म्हणजे वाहनाबद्दलच विचारला गेला. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आपल्याला ठाऊक आहे. नागसेन विचारतात, महाराज, पायी आलात की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय ते सांगा. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दांडा, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग या सगळ्यांच्या पलीकडे कुठे रथ आहे का? तेही नाही. तर रथ हे नाव आहे, व्यवहारासाठी ठेवलेलं. नागसेनांना ३८५१ दाखवली असती तर ते हसले असते. म्हणाले असते, नावाला एवढे पैसे?

नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते सुतं वेगळी आणि सुतांपासून झालेलं कापड वेगळं. कापड हा खराखुरा नवा पदार्थ आहे, अवयवी आहे. पण हे म्हटल्यावर त्यांना एक किंमत मोजावी लागते. कापडातून एक सूत जरी ओढून काढलं, तरी जुना अवयवी नष्ट झाला आणि उरलेल्या सुतांपासून नवा निर्माण झाला, असं त्यांना म्हणावं लागतं. मग गाडीचा एक बोल्ट बदलला की गाडी नवी! आपल्याला 'तीच ही' असं वाटतं त्याचं काय? ते म्हणतात, आपण 'हे तेच औषध' म्हणतो ना, तसंच ते. काल घेतलेली गोळी पोटात गेली, ही दुसरी. 'तेच' म्हणजे त्याच जातीचं. म्हणजे बौद्धांच्या हिशेबानं मुळात गाडीच नाही, आणि नैयायिकांच्या हिशेबानं दर दुरुस्तीला नवीन गाडी. लिलाववाल्यांचं दोन्हीकडून दिवाळं!

ग्रीकांकडे थीसियसचं जहाज आहे. एक एक फळी कुजली की बदलायची, अशा सगळ्या बदलल्यावर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्या जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कुठलं? ही केवळ पुस्तकी करामत समजू नका. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या जगात हे खरोखर घडतं. अपघातात मोडलेली चौकट एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे, आणि दोघंही एकच चॅसी नंबर सांगतात.

मग व्यवहारात निर्णय होतो कसा? त्यासाठी क्षणभर इटली सोडून इंग्लंडला जाऊ. कारण हा प्रश्न न्यायालयापुढे उघडपणे आला तो एका बेंटलीच्या निमित्तानं. 'ओल्ड नंबर वन' नावाची ही गाडी. तिनं १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिचं इंजिन बदललं, चौकट बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिच्यात क्लाइव्ह डनफी हा चालक मरण पावला. ती पुन्हा बांधली गेली. १९९० च्या सुमारास एका कंपनीनं ती एक कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि मग हात आखडता घेतला, की यात ल मॉंच्या गाडीचं काही उरलेलंच नाही. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केलं, की १९२९-३० चे सुटे भाग जवळपास शिल्लक नाहीत. तरीही त्यांनी निकाल दिला, की गाडी अस्सल आहे. का? कारण ती टप्प्याटप्प्यानं बदलत गेली, तिच्या आयुष्यात कुठे खंड पडला नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही.

हा निकाल वाचला तेव्हा आमच्या मनात आपला एक शब्द आला. वहिवाट! शेताच्या बांधावरून पाणंद कुणाची, तर जिची वहिवाट अखंड आहे त्याची. न्यायमूर्तींनी त्या बेंटलीची वहिवाट पाहिली. आणि आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की वस्तूचं 'तेच असणं' तिच्या धातूत शोधू नका, ते वहिवाटीत आहे. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कुणीतरी तिची गोष्ट पूर्ण सांगितली, आणि घेणाऱ्यानं ती पूर्ण घेतली, तर वस्तू तीच राहते. साखळीतला एक जण जरी खोटं बोलला किंवा गप्प बसला, तरी तिथं खंड पडतो, मग भले बोल्ट न् बोल्ट मूळचा असो. आमचंच बघा, गेल्या वर्षी आमचा उजवा गुडघा बदलला. आता तिथं धातू आहे. तरी पेन्शन आमच्याच नावावर येते, कारण आमची वहिवाट चालू आहे!

आता दुसरा प्रश्न, 'माझी' म्हणण्याचा. पंधराव्या-सोळाव्या शतकात नवद्वीपात रघुनाथ शिरोमणी नावाचे प्रखर नैयायिक झाले. त्यांनी एक धाडसी गोष्ट मांडली, की स्वत्व, म्हणजे एखादी वस्तू कुणाची तरी असणं, हा स्वतंत्र पदार्थ मानायला हवा. विकणं, दान देणं, हवं तसं वापरता येणं, यांत तो पुरता मावत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना हे शिकवायचो तेव्हा मुलं कंटाळायची. पण व्हिओलातींची ४९ वर्षं समोर ठेवा म्हणजे रघुनाथ काय म्हणत होते ते कळतं. १९६५ ते २०१० या काळात ती गाडी विकून प्रचंड पैसा करण्याची संधी त्यांना अनेकदा होती. त्यांनी तो हक्क वापरला नाही. तरी मालकी कणभर कमी झाली नाही. उलट या गाडीच्या सगळ्या मालकांमध्ये खरा मालक कोण असं विचारलं तर कुणीही त्यांचंच नाव घेईल. न विकणं हेही मालकीचं एक रूप आहे.

आणि आता त्या गोष्टीची कडू बाजू. ३८५१ च्या विक्रीच्या वेळी तिचा सगळा इतिहास खुला होता. मोंलेरीचा अपघात, ओरेये यांचा मृत्यू, सगळं. काही लपवलं नव्हतं. हे योग्यच झालं. पण त्याचबरोबर हेही खरं, की त्या मृत्यूनं गाडीची किंमत कमी झाली नाही. ऑलिंपिक विजेत्याचं नाव गोष्टीत आलं, म्हणजे गोष्ट मोठी झाली. माणसाचं मरण वस्तूच्या वंशावळीतली एक ओळ होऊन बसतं. यावर काही जण म्हणतात, ही गाडी नष्टच करायला हवी होती. आम्हाला तसं वाटत नाही. गाडी गेली असती तर मोंलेरीच्या त्या दुपारचा एक साक्षीदारच गेला असता. पण साक्षीदार ठेवायचा तर साक्ष ऐकली पाहिजे. गाडीजवळ उभं राहून आकडा तेवढा वाचला आणि ओरेये हे नाव वाचलं नाही, तर आपण काहीच पाहिलं नाही.

आता आमची राहिलेली गोष्ट. वडिलांची ती फियाट एकदा खंबाटकी घाटात कठड्यावर आदळली होती. शेजारी बसलेल्या आमच्या धाकट्या चुलत्यांचा हात मोडला, तो पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. पुढचा भाग बराचसा नव्यानं बसवावा लागला. गाडी विकताना साताऱ्याकडचे एक गृहस्थ आले. साधे, सालस. गाडीभोवती दोन चकरा मारून त्यांनी विचारलं, "सर, कधी ठोकली होती का हो?" आणि आम्ही, कॉलेजात रोज प्रमाणशास्त्र शिकवणारे, म्हणालो, "किरकोळ. बंपरला लागलं होतं." का म्हणालो? दोन हजार रुपये कमी मिळतील म्हणून. त्यांनी विश्वास ठेवला, पैसे मोजले, पेन्सिलीनं काढलेला चॅसी नंबर पुन्हा एकदा ताडून पाहिला, आणि गाडी घेऊन गेले.

नंबर बरोबर होता. इंजिन तेच होतं. कागद चोख होते. पण वहिवाट आम्ही तोडली. त्या गृहस्थांना मिळाली ती आमच्या वडिलांची गाडी नव्हतीच. ती होती आम्ही सांगितलेल्या खोट्या गोष्टीतली एक दुसरीच गाडी. आणि त्या गोष्टीतून आमच्या काकांचा वाकडा हातही आम्ही पुसून टाकला. दहा-बारा वर्षांनी एकदा चुकून हे काकांसमोर बोललो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, सांगायचं होतंस. मला काय लाज होती त्याची?" त्या उत्तरावर आम्ही आजतागायत निरुत्तर आहोत.

तेव्हा मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांकडे कधी फेरारी येणार नाही. पण घर येतं, शेत येतं, आजीच्या पाटल्या येतात, जुनी स्कूटर येते. त्या पुढे देताना नंबर आणि कागद तर द्यालच. त्याबरोबर ओरेयेंसारखी नावंही द्या, उताऱ्यावर नसलेली. कुणाचा हात मोडला, कुणी रात्री जागून हप्ते फेडले, कुणाचं काय त्यात गेलं, हे सांगा. किंमत चार पैसे कमी आली तरी चालेल.

आज इथंच थांबतो. न्याय-बौद्ध वादाचा जो भाग धावता घेतला, त्यावर प्रश्न असतील तर अवश्य विचारा, पुढच्या वेळी सावकाश बोलू.